सह्याद्रीत मुक्काम, चौविहार सांभाळून

शाळांचे निकाल लागले, अक्षय तृतीयेला वर्षीतपाची पारणी झाली, मार्चअखेरचे हिशेबही एकदाचे सीएंच्या टेबलावर जाऊन पडले. आता मुलुंड-घाटकोपरपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंतच्या आपल्या घरांत एकच चर्चा उरली आहे: यंदा सुट्टीत कुठे जायचे? काही वर्षांपूर्वी या प्रश्नाचे उत्तर घरातील वडीलधारी देत असत आणि ते बहुधा पालिताणा, शिखरजी किंवा महाबळेश्वर असे. आता उत्तर मुले देतात. त्यांना हॉटेल नको, तंबू हवा. डोंगर हवा, तळे हवे, आणि मे महिना संपता संपता झाडांवर लुकलुकणारे काजवे हवेत.

मागणी वावगी नाही. परंतु तिच्यापुढे बहुतेक घरांत जे घडते ते आपल्या परिचयाचे आहे. आजी-आजोबा म्हणतात, "तुम्ही जाऊन या. आमचे उकळलेले पाणी, आमची जेवणाची वेळ. तुम्हाला उगाच अडचण." मग एक गाडी तरुणांची निघते आणि दोन वृद्ध घरी राहतात. जी मुले गेली, त्यांचेही नियम कसारा घाट चढण्यापूर्वीच सुटतात, कारण तेथे जेवण रात्री साडेनऊला मिळते आणि "सुट्टीत चालते" असे कोणीतरी म्हणून टाकते. नियम घरासाठी असतो, बाहेर नव्हे, हा धडा मुले अशा दोन रात्रींत शिकतात. पाठशाळेला तो पुसायला वर्षे लागतात. म्हणून या वेळच्या लेखात तीन पिढ्यांनी एकत्र करावयाच्या मुक्कामाचा आराखडा मांडतो. तो आमच्या कुटुंबात तीन उन्हाळे पार पडलेला आहे, त्यामुळे केवळ कागदावरचा नाही.

ठिकाण म्हणून मी भंडारदरा सुचवीन. अकोले तालुक्यातील हा परिसर मुंबईपासून सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवर आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१६४६ मीटर) येथेच. प्रवरेवरील विल्सन धरणाचे काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाभोवती शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी अशी गावे आहेत. येथील वस्ती मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. अनेक घरांतून आता पाहुण्यांची सोय होते, अंगणात किंवा शेतात तंबूही लावून मिळतात. लोणावळ्याजवळच्या तळ्यांकाठचे तंबू जवळ पडतात हे खरे. पण तेथे रात्री उशिरापर्यंत चालणारा गाण्यांचा गोंगाट पाहता आजोबांना सामायिक करण्यापुरती शांतताही लाभेलसे वाटत नाही.

तारखांचा विचार आधी करावा, कारण तेथेच बहुतेकांचे गणित चुकते. जीएसटीची अकरा आणि वीस तारीख सोडवल्याखेरीज आपल्यापैकी कोणाचाही जीव गल्ल्यावरून उठत नाही. काजवे साधारणतः मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत दिसतात. म्हणजे २१ मे नंतरचा आठवडा सोयीचा. शनिवार-रविवार मात्र कटाक्षाने टाळावा. त्या दोन रात्री शेंडीपासून घाटघरपर्यंत वाहनांची रांग लागते, आणि नोकरदारांना जी मोकळीक नाही ती आपल्याला आहे. दुकानाची सुट्टी आपल्या हातात असते. सोमवार ते बुधवार जावे. अमावास्येच्या आसपासची रात्र काळोखी, म्हणून काजव्यांना आणि ताऱ्यांना उत्तम. पण अमावास्येआधी चौदस येते, घरात कोणाचा उपवास किंवा हिरवोतरीचा त्याग असेल तर पंचांग उघडूनच दिवस ठरवावा. पावसाकडेही लक्ष हवे. मुंबईत मोसमी पाऊस पोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून मानली जाते, तरी २०२५ साली तो २६ मे रोजीच आला होता. आरक्षण करताना पैसे परत मिळण्याची अट विचारून घेणे हा व्यापारी माणसाला सांगण्याचा विषय नव्हे.

आता भोजन. या मुक्कामाचे यश-अपयश तंबूच्या दर्जावर ठरत नाही, स्वयंपाकघराच्या घड्याळावर ठरते.

तंबूवाल्यांचा नेहमीचा क्रम असा असतो: दुपारी चारला आगमन, पाचला चहा-भजी, आठला कोळशावर भाजलेले पदार्थ, साडेनऊला जेवण. मेच्या अखेरीस भंडारदऱ्याला सूर्यास्त सातच्या सुमारास होतो. मुंबईच्या पंचांगातील वेळेपेक्षा तो तीन-चार मिनिटे आधीच होतो, कारण हा भाग मुंबईच्या पूर्वेस आहे. सूर्योदयही तेवढाच आधी. काठावर पच्चक्खाण घेणाऱ्यांनी ही चार मिनिटे ध्यानात ठेवावीत. डोंगराआड सूर्य त्याच्याही आधी जातो, त्यामुळे उजेडाच्या भरवशावर न राहता घड्याळ पाहावे. एकंदरीत, सहाला पाने मांडली गेली पाहिजेत. यासाठी मोठ्या छावणीपेक्षा एखादे घरगुती मुक्कामाचे ठिकाण निवडावे आणि फोनवर "जैन जेवण मिळेल का?" असे विचारू नये. या प्रश्नाला सर्वत्र "हो" असेच उत्तर मिळते. एका ठिकाणी असे "हो" ऐकून आम्ही गेलो, तर कांदा-लसूण वगळलेली बटाट्याची भाजी समोर आली. वाढणाऱ्या माणसाच्या मनात कपट नव्हते. जैन म्हणजे कांदा-लसूण नाही, एवढेच त्याला कोणी सांगितले होते. म्हणून बटाटा, गाजर, बीट, मुळा, ओले आले, सुरण यांची नावे घेऊन सांगावे, आणि जेवण पावणेसहाला तयार हवे हे दोनदा सांगावे.

त्याहून सरळ मार्ग म्हणजे स्वयंपाक आपण करणे. यजमानांची चूल आणि भांडी त्यांच्या आहाराची असतात. ती तशी असण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. आपण पाहुणे म्हणून जाऊन त्यांच्या घरात काय शिजते यावर नाक मुरडणे शोभत नाही. आपली एक पेटी न्यावी: दोन पातेली, कुकर, तवा, गाळणे, छोटी गॅसची शेगडी आणि वारा अडवायला पत्र्याचा आडोसा. डोंगरावर वारा असा असतो की आडोशाशिवाय चहालाही अर्धा तास लागतो. ओसरीवर जागा मागितली तर कोणी नाही म्हणत नाही. जागेचे आणि पाण्याचे पैसे वेगळे द्यावेत. जेवण घेतले नाही म्हणून यजमानीणबाईंचे उत्पन्न बुडू नये.

शिदोरीबाबत आपल्या सुनांना आणि सासवांना मी काय सांगणार? तरी दोन-चार गोष्टी, ज्या घाईत निसटतात. आदल्या रात्री केलेले मऊ ठेपले दुसऱ्या दिवशी वासी होतात, म्हणून प्रवासाला खाखरेच बरे. उन्हाळ्यात त्यांचा आणि कोरड्या मिठाईचा काळ वीस दिवसांचा असल्याने निर्धास्त नेता येतात. फाल्गुन चौमासीपासून ज्या घरांत पालेभाजी बंद असते, तेथे मेथीचा प्रश्नच नाही. सुक्या मेव्यातील काजूही पुष्कळ घरांत तेव्हापासून बंद असतात, मुलांच्या हाती देण्यासाठी चणे-मुरमुरे घ्यावेत. आंबा मात्र आर्द्रा नक्षत्र लागेपर्यंत आपला आहे, आणि ते जूनच्या तिसऱ्या आठवड्यानंतर लागते. तेव्हा एक पेटी हापूस गाडीत असो. मुगाची खिचडी सर्वांत सोपी, पण तिच्यासोबत कच्चे ताक घेतले तर द्विदलाचा दोष येतो. दमलेल्या माणसाला हे आठवत नाही, म्हणून ताकाची बाटली त्या पेटीत ठेवूच नये.

पाणी उकळण्याची वेळ पहाटेची धरावी. उन्हाळ्यात उकळलेल्या पाण्याचा काळ पाच प्रहरांचा, म्हणजे पंधरा-सोळा तासांचा. पहाटे साडेपाचला उकळून गाळलेले पाणी संध्याकाळचे भोजन उरकेपर्यंत निश्चितपणे पुरते. स्टीलच्या दोन मोठ्या बरण्या हव्यात. माणशी दिवसाला तीन लिटर तरी पिण्याला लागते, कारण डोंगरात हवा थंड लागली तरी दुपारचे ऊन मेचेच असते.

पाण्याविषयी आणखी थोडे. मुलुंडहून निघून आपण शहापूर तालुका ओलांडतो. मुंबई महानगरपालिका शहराला रोज ३,८०० दशलक्ष लिटरहून अधिक पाणी पुरवते आणि त्यातील जवळजवळ निम्मे एकट्या भातसा धरणातून येते. भातसा आणि तानसा ही दोन्ही धरणे शहापुरात आहेत, ऊर्ध्व वैतरणा इगतपुरीच्या बाजूस. ज्या तालुक्यातून आपल्या स्नानगृहात पाणी पोचते, त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांवर मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या हंड्यांची रांग महामार्गालगतही दिसते. मुलांना गाडीची काच खाली करून हे दाखवावे, भाषण देऊ नये. पुढे मुक्कामी विहिरीचा तळ दिसत असताना कोणी दोन बादल्यांनी अंघोळ करू म्हणाले तर त्याला उत्तर देण्याची गरज पडणार नाही. अणगळ पाण्याचा थेंब वापरताना जी जयणा आपण सांगतो, तिचा अर्थ तेथे आपोआप उलगडतो. भांडी राखेने किंवा कोरड्या कापडाने पुसून मग थोड्या पाण्यात विसळावीत. आपल्या आज्या थाळी धुऊन ते पाणी पीत असत, ते काही केवळ धर्मापोटी नव्हते.

रस्ता आता पूर्वीपेक्षा सुकर झाला आहे. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला, तेव्हापासून कसारा घाटातील मालमोटारींमागे रखडणे टळते. भिवंडीजवळ आमण्याला चढावे, इगतपुरीला उतरावे, मग घोटीवरून भंडारदऱ्याकडे वळावे. बोरिवली-अंधेरीकरांना घोडबंदर रस्ता हाच काय तो अडसर. तेथून पहाटे साडेचारला निघालेला आणि साडेसहाला निघालेला यांच्या पोचण्यात दोन नव्हे, तीन तासांचे अंतर पडते. पहाटे निघाल्यास नवकारशीची वेळ, सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटे, म्हणजे पावणेसातच्या पुढे, शहापूरच्या आसपास गाठते. तेथील मानस मंदिरात दर्शन घेऊन शिदोरी सोडावी. ज्यांना गाडी नको त्यांना कसारा लोकल आहेच. कसाऱ्याहून पुढे जीप ठरवावी लागते.

मुक्कामी पोचल्यावर काय करायचे, यापेक्षा काय करायचे नाही हे आधी ठरवावे. वृद्ध आणि लहान मुले बरोबर असताना कळसूबाई नको. बारी गावातून तीन तासांची चढण, लोखंडी शिड्या आणि मेचे ऊन. तरुणांना हौस असेल तर त्यांनी पहाटे चारला निघून दहाच्या आत उतरावे. सांधण दरीही नको. उलट रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर सर्वांना झेपते. त्याचे कोरीव खांब पाहून आबूची आठवण काढणारे आजोबा आणि छतावरील नक्षी मोजणारा नातू यांना एकाच ठिकाणी रमताना मी पाहिले आहे. घाटघरच्या कड्यावरून कोकण दिसते. तेथे २५० मेगावॅटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे, ज्यात विजेची मागणी कमी असताना खालचे पाणी वर चढवतात आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करतात. स्वस्तात घ्यावे, महागात विकावे, हे गणित आपल्या मुलांना समजावून द्यावे लागत नाही. रंधा धबधबा मात्र या दिवसांत जवळजवळ कोरडा असतो; छायाचित्रांवर विसंबून जाऊ नये.

जलाशयात पोहणे नको, होडीत जीवरक्षक जाकीट घातल्यावाचून बसणे नको. आणि पाऊस सुरू झालाच तर ओढ्यात पाय बुडवणेही नको. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या प्रवाहात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, तेही सहलीलाच आले होते. मेच्या अखेरीस वळवाचा पाऊस दुपारनंतर विजांसह येतो. तंबू एकट्या झाडाखाली किंवा उघड्या टेकाडावर लावू नये, आणि ढग दाटले की तंबू सोडून पक्क्या घरात किंवा गाडीत बसावे. मुक्काम गावालगत असावा असे मी म्हणतो त्याचे हेही एक कारण आहे. रात्री चपला झटकून घालाव्यात, विजेरी घेऊनच बाहेर पडावे, आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक सर्वांना ठाऊक असावा.

काजव्यांसाठी तर एवढी धडपड. हा माशीच्या नव्हे, भुंग्याच्या कुळातील कीटक. पाठशाळेच्या भाषेत चतुरिंद्रिय जीव. त्याचे अळीरूप कित्येक महिने पालापाचोळ्यात आणि मातीत गोगलगायी खाऊन वाढते. पंख फुटल्यावर आयुष्य उरते ते काही आठवड्यांचे, आणि त्या अवधीत नर-मादींनी एकमेकांना शोधायचे ते या प्रकाशाच्या खुणेने. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर हजारो काजवे एका तालात उजळतात आणि विझतात. तेव्हा मोटारीचे दिवे किंवा मोबाईलचा झोत पडला की त्यांची खूण हरवते. झाडाखाली गर्दी केली की जमिनीवरच्या माद्या आणि अळ्या पायाखाली येतात. डोळ्यांना काही दिसत नाही, इतकेच. हा परिसर १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो, आणि वनखाते या हंगामात रात्रीच्या प्रवेशावर बंधने घालते. त्या वर्षीचे नियम आधी विचारावेत. पण आपल्याला वनखात्याची पाटी लागू नये. कीडमुंगी पायाखाली येऊ नये म्हणून चातुर्मासात प्रवास आवरणाऱ्या परंपरेतील माणसे काजव्यांच्या झाडाखाली बूट घालून पळताना दिसली, तर हसणाऱ्याला दोष कसा द्यावा? रस्त्यावरच, गाडी बंद करून, दिवे मालवून उभे राहावे. दहा मिनिटांत डोळे सरावतात. आजीला झाडापर्यंत चालता येत नाही म्हणून तिने मुकावे, असेही मग होत नाही.

शेकोटीचेही तेच. मुलांना ती हवी असते, आणि तंबूवाले ती आग्रहाने पेटवतात. मेमध्ये गवत वाळून कोळ झालेले असते, एक ठिणगी डोंगर पेटवते. शिवाय ज्योतीकडे झेपावणाऱ्या पतंगांचे काय होते ते सांगायला नको. आधीच "शेकोटी नको, तिचे पैसे वजा करू नका" असे सांगितले की वाद मिटतो.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या भाचे-पुतण्यांच्या घरांत उन्हाळ्यात तंबू घेऊन पश्चिमेकडील डोंगरांत जाण्याची रीत रुळली आहे. १८७२ साली स्थापन झालेल्या यलोस्टोन उद्यानात अस्वलांच्या भीतीने सर्व खाद्यपदार्थ रात्रीपूर्वी गाडीत किंवा लोखंडी पेटीत बंद करावेच लागतात, तंबूत बिस्किटाचा तुकडाही चालत नाही. तेथे अस्वल जे पाळायला लावते, ते येथे आपल्याला सूर्य सांगतो, एवढाच फरक.

सहाला जेवण उरकले की मोठी संध्याकाळ हाती राहते, आणि याची सवय आपल्याला राहिलेली नाही. एरवी त्या वेळी दुकानात गिऱ्हाईक असते, घरी दूरदर्शन असते. प्रतिक्रमण करणाऱ्यांनी करावे. नंतर अंगणात सतरंजी टाकावी. मेच्या अखेरीस रात्री नऊला सप्तर्षी उत्तरेला उंच असतात. त्यांच्या शेपटीची कमान पुढे वाढवली की तांबूस स्वाती, आणखी पुढे शुभ्र चित्रा. आग्नेयेकडून वृश्चिकाचा आकडा वर येतो, त्यात लालसर ज्येष्ठा. पंचांगात ज्यांची नावे रोज वाचली जातात ती नक्षत्रे घरातील बहुतेकांनी कधी पाहिलेली नसतात. आजोबांकडे या वेळी गोष्टी निघतात: पहिले दुकान कोणत्या गल्लीत होते, पागडी किती दिली, उधारी कोणी बुडवली आणि कोणी वीस वर्षांनी घरी येऊन फेडली. हे मुलांना गल्ल्यावर कधी ऐकू येत नाही.

परतीच्या दिवशी घाई नसेल तर इगतपुरीजवळच्या त्रिंगलवाडी किल्ल्याच्या पायथ्याचे जैन लेणे पाहावे. गाभाऱ्यात ऋषभदेवांची मूर्ती आहे, आज जीर्ण अवस्थेत. तिच्या आसनावर १३४४ सालचा लेख कोरलेला आहे. यादवांचे राज्य अस्तास गेल्यानंतरच्या धामधुमीतही या घाटवाटांवर आपल्या समाजाचा राबता होता, हे त्यावरून दिसते. व्यापाराचे तांडे याच घाटांनी कोकणातील बंदरांकडे उतरत. लेण्यात पूजा-प्रक्षाळ करू नये, हळद-कुंकू लावू नये, नुसते दर्शन घ्यावे. किल्ल्यावर चढण्याची गरज नाही.

तंबू सोडण्यापूर्वी मुलांच्या हाती दोन पिशव्या द्याव्यात, एक आपल्या कचऱ्यासाठी आणि एक दुसऱ्यांनी टाकलेल्यासाठी. दोन्ही मुंबईला आणाव्यात, गावात कचरागाडी येत नाही. उरलेले न उघडलेले धान्य यजमानांना देताना ते दान म्हणून नव्हे, भेट म्हणून द्यावे. आणि दुपारी दोनच्या आत निघावे, म्हणजे भिवंडी-माजिवड्याची कोंडी धरूनही सूर्यास्तापूर्वी घरी पोचून आजोबांचे जेवण वेळेत होते.